अकंपने हात उचलला

१२ मे

भाग १४१ पाठवला. तासाभरात पुण्याहून केतकीचा फोन. गोष्टी ऐकवणाऱ्या ॲपवाल्यांची ही मुलगी माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण 'सर, सर' म्हणत अशी कापते की कळतही नाही. "सर, अकंप छानच आहे, पण तो काही करत नाही हो. एकशेचाळीस भाग नुसता बसलाय."

बसलाय खरा. मेघला ग्रहावर दोन फौजा समोरासमोर आल्या की हा सत्तरीचा तत्त्वज्ञ मधे जाऊन मांडी घालतो. शस्त्र धरत नाही, शाप देत नाही, प्रश्न विचारतो. मला वाटलं होतं लोकांना हे नवीन वाटेल. लोकांना कंटाळवाणं वाटलं. केतकीचं म्हणणं, १५० व्या भागापर्यंत अ. ने हात उचलावा, नाहीतर मरावं. दोन्ही जमत नसेल तर मालिका बंद.

एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवलं. शेवटच्या वर्षी वर्गात तीन पोरं, त्यातली दोन हजेरीपुरती. मग विषयच बंद झाला. या खात्यात आता एकटा अ. नोकरीवर उरलाय, आणि त्यालाही नोटीस.

शु. ला सांगितलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, "मंग उचलू द्या ना एकडाव. काय होते?"

ती हिंगण्याला कंपनीच्या बसने जाते. सकाळी सहाला भाग येतो, सहा चाळीसला तिची बस. कानात घालून बसते. लग्नाला एकवीस वर्षं झाली, माझं इतकं सलग बोलणं तिने आधी कधी ऐकून घेतलं नव्हतं. मला या गोष्टीचा फार आनंद आहे, तिला सांगितलेला नाही.

१५ मे

बाबांनी पडद्याची किनार उसवली. सूत हवं होतं.

पुढच्या खोलीत हातमागाचा, पाय सोडून बसायचा खड्डा होता. तो बुजवून मी फरशी बसवली, त्याला बारा वर्षं झाली. बाबा अजून तिथून चालत नाहीत, वळसा घालून जातात. स्वतःचं नाव कधी कधी विसरतात, खड्डा विसरत नाहीत. माग विकला तेव्हा त्याची तारा ओवायची फणी तेवढी त्यांनी दिली नाही. तिच्या दातांत शेवटच्या ताण्याचं, म्हणजे उभ्या तारांचं, वीतभर सूत अजून ओवलेलं आहे. विणकर माग कधी रिकामा करत नाही. जुन्या ताण्याचं टोक राहू देतो आणि नवा ताणा त्याला एकेक तार करून सांधतो. नाहीतर हजारभर तारा पुन्हा ओवत बसा.

तर बाबा रोज ती फणी पलंगाखालून काढतात आणि सापडेल ते सूत तिला सांधतात. पडदा, चादर, माझ्या पंच्याची दशी. बोटाला राख लागते, गाठ घसरू नये म्हणून.

"राख दे गा."

गॅसच्या घरात राख कुठली. टाल्कम पावडर दिली. वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. "हे काय नवरदेव होऊन राहिलो का मी?" खूप दिवसांनी हसलो. शेवटी देवघरातली उदबत्तीची राख झाडून वाटीत दिली. चालली.

१८ मे

वच्छलाबाई दहा ते दोन बाबांजवळ असतात. दोन वर्षं झाली. पंचावन्नच्या पुढच्या असतील, आमच्या तांडापेठेतूनच पायी येतात. बाबांना त्यांच्या हातून जेवण जातं, माझ्या हातून जात नाही. आज पाहिलं, त्या जुन्या चादरीचे धागे आपणच काढून बाबांसमोर ठेवत होत्या.

म्हटलं, "काहून लाड करता?"

"हाताले काम असलं का मानूस भांडत नाही, सर. तुमी नाही का दिवसभर लिहीत बसत?"

हे वाक्य अ. ला द्यायला हरकत नाही. वहीत घेतलं. नंतर खोडलं, चोरी वाटली.

२१ मे

४५ अंश. कूलरची मोटर जळाली. भा. १४३ तीनदा लिहिला, तिन्ही वेळा अ. शेवटी बसलेलाच. केतकीने श्रोत्यांचे अभिप्राय पाठवले. एकाने लिहिलंय, 'या म्हाताऱ्याला कोणीतरी उचलून न्या.' दुसरा, 'याच्या घरच्यांवर हात पडला की कळेल.'

बाबांनी दुपारी पाण्याचा तांब्या फेकला, माझ्या गुडघ्याला लागला. त्यांना काही कळत नाही हे मला कळतं, तरी राग आला. रागाचं काय करायचं हे मी एकोणीस वर्षं फळ्यावर लिहून दिलंय. आज वर माळ्यावर जाऊन उशीत तोंड घालून शिव्या दिल्या. त्या बाबांनाच दिल्या. लिहून ठेवतो, कारण इथे तरी खोटं नको.

२३ मे

आज मी बाबांना मारलं.

अडीचची वेळ. वच्छलाबाई गेलेल्या. खाली आलो तर बाबांच्या मांडीवर शु. चं लग्नातलं जांभळं पातळ. त्यांनीच विणलेलं, सून येणार म्हणून दोन महिने लावून विणलेलं. पदर हातभर उसवला होता. एकेक तार फणीला सांधून राहिले होते. बोटं राखेने पांढरी.

म्हटलं, बाबा, द्या. नाही म्हणाले. "माह्यं सूत हाय." ओढलं. फाटल्याचा आवाज आला. त्यांनी फणी उचलून माझ्या कपाळावर

मी दोन मारल्या. एक नाही, दोन. पहिली चुकून गेली असं स्वतःला सांगता येईल. दुसरीच्या आधी मी हात मागे नेला होता, आणि तेवढ्या वेळात मला पुरतं माहीत होतं की मी काय करून राहिलोय.

ओठ फुटला. ते रडले नाहीत. बघत राहिले. मग फार अदबीने, जसे परक्या माणसाशी बोलतात, तसे म्हणाले, "मास्तर घरी हाय का? त्याले बोलवा. तो मारू देत नाही कोनाले."

मास्तर म्हणजे मी.

२४ मे

काल संध्याकाळी शु. ला सांगितलं, बाबा मोरीत पडले. माझ्या कपाळाचं सांगितलं, माळ्याच्या दाराची चौकट. दोन्ही लगेच सुचलं. गोष्टी रचायचा धंदाच आहे.

आज तिला सुट्टी, वच्छलाबाईंचीही दोन दिवस रजा. उजेडात तिने बाबांचा गाल पाहिला. माझ्याकडे वळली. "पडल्यावर बोटं उमटत नाहीत."

मग बाबांच्या शेजारी बसली. "बाबा, कोनं मारलं?"

"दुपारी मारते मले."

"कोन?"

आठवेना. कपाळाला आठ्या घालून खूप शोधलं बिचाऱ्यांनी. मी दारात उभा. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं, आणि नजर तशीच पुढे गेली.

शु. हळूच म्हणाली, "वच्छलाबाई?"

मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही'ही म्हणालो नाही. ती पुढे बोलत गेली. "तुमी वर लिहीत बसता, खाली काय चालते तुमाले काय माहीत. तुमाले तं डासही मारवत नाही." खरंच, मी डास हाकलतो. सगळ्या तांडापेठेला ठाऊक आहे.

२६ मे

शु. ने अर्धा दिवस रजा घेतली आणि वच्छलाबाईंना काढलं. मी माळ्यावर होतो. जिन्यातून सगळं ऐकू येत होतं.

"बाई, खरं सांगा, रागात एखादा हात गेला का?"

"नाही वं माय. माह्या लेकराची आन."

"मंग बोटं कोनाची?"

चपला घातल्याचा आवाज आला.

माझ्या जागी अ. असता तर जिना उतरून मधे बसला असता. चौदा पायऱ्या आहेत. मी मोजत बसलो, उतरलो नाही.

संध्याकाळी शु. ने ते पातळ पाहिलं. मला वाटलं रडेल. तिने ते घडी घालून बाबांच्या मांडीवर ठेवलं. "नेसून कुठी मिरवाले जाते मी? त्याहिनंच विनलं, त्याहिले उसवू द्या."

म्हणजे मी ज्याच्यासाठी मारलं ते तिला नकोच होतं.

२९ मे

बाबा रोज विचारतात, "ते बाई कुठी गेली?" जेवत नाहीत. आज मी घास घेऊन हात तोंडाजवळ नेला तर त्यांनी कोपर उचलून तोंड झाकलं. मी कोण, हे त्यांना ठाऊक नाही. काय झालं, तेही नाही. हाताला मात्र आठवतं.

घास ताटात ठेवला. लांब सरकून बसलो. मग त्यांनी आपल्या हाताने दोन घास खाल्ले, माझ्यावर नजर ठेवून.

माफी मागायची ठरवली तर मागू कोणाकडे? "बाबा, मी मारलं," असं आज दुपारी म्हणून पाहिलं. "अच्छा?" म्हणाले. "कोनाले?"

१ जून

केतकी. "सर, फक्त तीन भाग उरलेत. तुम्ही ठरवलंत का?" मी म्हणालो, अ. हात उचलेल. इतकी खूश झाली की मला तिची कीव आली. "कोणावर, सर? सेनापतीवर ना?" म्हणालो, बघतो.

लिहायला बसलो. सेनापतीवर हात उचलणारा अ. लिहिता येईना. सेनापतीवर उचलणं फारच सोपं वाटलं.

शु. ने एजन्सीतून नवी बाई आणली. ती मोबाइल पाहत बसते. बाबा तिला घाबरत नाहीत, मला घाबरतात. शु. च्या हे लक्षात आलेलं नाही. किंवा आलं असेल.

३ जून

वच्छलाबाईंकडे गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो, वाटेत तीनदा वाक्य घोकलं. त्या दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. उठल्या नाहीत. "बसा सर," म्हणाल्या, पण बसायला काही सरकवलं नाही.

"बाबा तुमची आठवण काढतात."

"काढतीन. त्याहिले फक्त चेहरा विसरते, मानूस नाही विसरत."

मी वाक्य सुरू केलं. "त्या दिवशी दुपारी..." त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मले माहीत हाय, सर. सव्वीस तारखेले मीनं गाल पाह्यला. एवढाले बोटं बाईचे नसतात. अन् दार उघडाले तुमी आले, तुमच्या कपाळावर फणीचे दात होते."

"मग शुभांगीला काहून नाही सांगितलं?"

"माह्यं कोन ऐकन? तुमी डास नाही मारत." मग एकदम आवाज चढला. "पन सर, तुमची बाई चांगली हाय, तिनं गल्लीत कोनाले सांगतलं नाही. माह्या दुसऱ्या कामाच्या घरी तिनं फक्त एवढंच म्हनलं का, ध्यान ठेवा. तेवढ्यानं थे घर गेलं. आता मले म्हाताऱ्याजवळ कोनी ठेवून नाही राहिलं. आन् दुसरं काम मले येत नाही."

म्हटलं, मी आजच सांगतो घरी.

"सांगा," म्हणाल्या आणि सूप उचललं. माझ्यावर विश्वास ठेवलाय असं त्यांच्या आवाजात काही नव्हतं.

घरी आलो. शु. चं डोकं दुखत होतं. नाही सांगितलं.

६ जून

भा. १४९ एका बैठकीत झाला. सकाळी नऊ ते दीड. हात थांबला नाही.

फौजांना भाग घ्यायला जागाच ठेवली नाही. अ. एका तळावर उतरतो. तिथे एक म्हातारा विणकर, डोक्यातलं सगळं गेलेलं, रिकाम्या मागावर दिवसभर गाठी मारतो. अ. त्याची सेवा करतो. एका दुपारी म्हातारा त्याला मारतो आणि अ. उलट मारतो. दोनदा. मग तळावरच्या दाईवर आळ येतो. सगळ्या ग्रहाला माहीत आहे की अकंप मुंगीही मारत नाही. अ. गप्प राहतो. दाई चालत निघून जाते. लोक अ. समोर वाकतात.

शेवटी त्याला बोलायला लावलं. 'मी मारलं. ती गेली ती माझ्यामुळे. मला हे त्या एका व्यक्तीला सांगायचं आहे जिच्यासमोर माझं तोंड उघडत नाही.' एवढंच. बाकी सगळं तस्संच ठेवलं: फणी, राख, जांभळं सूत, कोपर उचलून झाकलेलं तोंड.

शु. हे बसमध्ये ऐकेल. बस वाडीपर्यंत पोचली की तिला कळेल. संध्याकाळपर्यंत तिला विचार करायला वेळ मिळेल आणि मला तिचा चेहरा बदलताना पाहावा लागणार नाही. भ्याडपणा आहे, ठाऊक आहे. पण आतापर्यंतच्या भ्याडपणापेक्षा कमी आहे असं वाटतं.

७ जून

केतकी: "सर, काय लिहिलंय! अंगावर काटा आला. हेच हवं होतं आम्हाला दीड वर्ष." भाग अकरा तारखेला येणार. जाहिरातीची ओळ तिने आधीच लावली, 'अखेर अकंपने हात उचलला.' खाली लोकांचे अभिप्राय. 'शेवटी म्हातारा पेटला.' 'आता मजा येईल.'

कोणावर उचलला, हे अजून कोणालाच माहीत नाही.

९ जून

बाबांनी पातळाचा पदर पूर्ण उसवला. फणीच्या एका कडेला चार बोटं जांभळं सूत सांधून झालं. गाठी बारीक, एकसारख्या. मला वीस जन्मांत जमणार नाहीत. कॉलेजात गेलो तेव्हा हेच बाबा म्हणाले होते, तू सूत नको धरू, तू पुस्तक धर. धरलं. काय उपयोग झाला.

वच्छलाबाई कुठे लग्नाच्या स्वयंपाकात भांडी घासायला जातात असं नवी बाई म्हणाली. या वयात, या उन्हात.

आज शु. भाजी चिरत होती. समोर बसलो. "शु., एक सांगायचं होतं." तिने वर पाहिलं. म्हणालो, "अकराचा भाग नीट ऐक." "बरं," म्हणाली.

११ जून

सकाळ. सहाला भाग आला. मी उठलेलोच. शु. ने केस बांधले, डबा घेतला, कानात वायर घातली. मी दारापर्यंत गेलो. "आज काहून इतक्या लवकर उठले?" "असंच." कोपऱ्यावर बस थांबली, ती चढली, खिडकीशी बसली. हात नाही केला, कधीच करत नाही.

सात. सव्वासात. फोन नाही. आता तिला कळलं असणार.

नऊ. ऐकणारे आजवरच्या सगळ्या भागांपेक्षा जास्त, केतकीचा मेसेज. 'सर, लोक रडतायत!' एकाने लिहिलंय, 'अकंपला माफ करा.' माझ्या बापाला न ओळखणाऱ्या माणसांनी मला माफ करून टाकलं. काही वाटलं नाही.

दुपार. बाबांना राख दिली, लांबून. फोन नाही.

संध्याकाळ. साडेपाचला बस आली. मी पुढच्या खोलीत उभा होतो, नेमका त्या फरशीवर, जिथे बाबा पाय ठेवत नाहीत. ती आली, चपला काढल्या, पाणी प्याली. चेहरा रोजचाच, थकलेला. बाबांच्या केसांवरून हात फिरवला. मला काही बोलली नाही. मला वाटलं, वादळाआधी अशीच शांत असते ती.

शेवटी मीच विचारलं. "ऐकलास?"

"काय?"

"भाग. आजचा."

तिने ओढणी खुंटीला अडकवली. माझ्याकडे पाठ होती. "एक सांगू? राग नका मानू. मी तं केव्हाची ऐकतच नाही. शंभराव्या भागाच्या आसपास सुटलं असन. बस सुरू झाली का डोळाच लागते माह्या. तुमाले वाईट वाटन म्हनून बोलली नाही." मग वळली. "काय होतं आजच्यात? सांगा ना तुमीच."

बाबा मान खाली घालून गाठ मारत होते. मी म्हणालो, "काही नाही. अकंपने हात उचलला."

"अरे वा," म्हणाली. "कोनावर?"

"सांगतो," म्हणालो. "तू आधी चहा घे."

ती आत गेली. चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी इथे बाबांच्या पलंगाशी वही घेऊन बसलोय. मघाशी एकदा ओट्यापर्यंत जाऊन आलो. "काय?" म्हणाली. "पाणी," म्हणालो. प्यालो, परत आलो. बाबांनी न बघता वाटी पुढे केली आहे, राख संपली. आत गॅस अजून चालू आहे, म्हणजे ती अजून तिथेच उभी आहे.